मोटारीचा पोळा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीच्या सकाळी बरोबर सहा वाजता, नेरच्या हायस्कुलाचे हेडमास्तर नानाजी निस्ताने यांनी पंपघरात जाऊन मोटारीचं हिरवं बटण दाबलं आणि काहीही झालं नाही.

अगदीच काही झालं नाही असं म्हणणं खोटं होईल. बटण आत गेलं, बाहेर आलं. विहिरीच्या काठावरच्या कावळ्यानं मान वाकडी करून पाहिलं. पण जी मोटार गेले दोन महिने बटणाला बोट लागताच घूं करून उठायची, ती गप्प. नानाजींनी पुन्हा दाबलं. मग जरा हळू, समजुतीनं दाबलं. मग तोंड दुसरीकडे करून, ती बेसावध असताना एकदम दाबलं. ढिम्म हलली नाही.

"हिरासिंगभाऊ," नानाजी म्हणाले, "हे काय आहे?"

"मोटार हाय गुरुजी," मोटारीवरचा हिरासिंग म्हणाला. त्याचा स्वभावच सरळ होता.

आता तुम्ही म्हणाल, मोटार बंद पडली तर बंद पडली, त्रेसष्ट साली नेरात रोज काही ना काही बंदच पडलेलं असायचं. खरं आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता यवतमाळहून शिक्षणाधिकारी साहेब शाळेच्या पोहण्याच्या हौदाचं उद्घाटन करायला येणार होते, आणि हौदात त्या घडीला पाण्याचा टिपूस नव्हता. हौद आठ फूट खोल. नकाशात एक बाजू उथळ दाखवली होती म्हणतात, पण गवंड्यानं नकाशा उलटा धरला की धरलाच नाही कोण जाणे, त्यानं चारी बाजूंनी सरळ आठ फूट खणून काढलं आणि वर निळ्या रंगात "८ फूट" असं झोकात लिहून टाकलं. तो भरायला मोटारीला अठ्ठावीस तास लागणार होते. सकाळी सहा ते दुसऱ्या दिवशीचे दहा, बरोबर अठ्ठावीस. नानाजींनी हिशेब तीनदा केला होता. त्यात मोटार रुसण्याला जागा ठेवलेली नव्हती.

हा हौद म्हणजे नानाजींचं खूळ. "विद्यार्थ्यांत जलतरणाची आवड निर्माण करावी" असं एक सरकारी परिपत्रक आलं होतं. बाकीच्या शाळांनी ते रीतसर फाइलला लावलं. नानाजींनी वाचलं! अर्धं अनुदान आलं, अर्धी वर्गणी झाली, आणि हौद तयार व्हायच्या आधी महिनाभर त्यांनी पोरांना पोहणं शिकवलंसुद्धा. वर्गातले बाक मैदानात मांडायचे, पोरांनी त्यावर पालथं पडायचं, नानाजींनी एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात शिट्टी घेऊन "हात पुढे! पाय मागे!" म्हणायचं. सातवी ब बाकावर फार सुरेख पोहायची.

यातली एक बारीकशी गोष्ट नेरात फक्त एकाच माणसाला ठाऊक होती, त्यांच्या पत्नी मैनाबाईंना. नानाजींना स्वतःला पोहता येत नव्हतं. गुडघ्याच्या वर पाणी आलं की त्यांना रामरक्षा आठवायची.

पण त्या सकाळी नानाजींना काळजी लागली ती पोहण्याची नव्हे, हिरासिंगची. हिरासिंग बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा, साठीला टेकलेला. शाळेच्या विहिरीवर बारा वर्षं त्यानं बैलांची मोट हाकली. मोटार आली तशी मोट गेली, आणि संस्थेचे अध्यक्ष बापूजी म्हणाले की आता हिरासिंगलाही जाऊ द्या, आमच्या साळभावाचा, म्हणजे साडूचा, मुलगा रिकामाच आहे, तो चालवील मोटार. तेव्हा नानाजी भर सभेत उठून म्हणाले होते, "मोटार हिरासिंगच चालवतील. माझा शब्द." बापूजींनी तो शब्द तिथल्या तिथे सभेच्या वहीत उतरवून घेतला. उद्घाटनापर्यंत मोटार विनातक्रार चालली तर हिरासिंग कायम. नाही तर उद्घाटनाच्या दिवसापासून घरी. खाली दोघांच्या सह्या.

"फ्यूज पाहिले?" नानाजींनी विचारलं. मोटार बसवून देणारा यवतमाळचा फिटर जाताना एवढं एकच वाक्य सांगून गेला होता, की बंद पडली तर आधी फ्यूज पाहा.

"पाह्यले गुरुजी. मेन स्विचची लाल मूठ खाली पाडूनच पाह्यले."

"आतलं ठीक आहे?"

"आतलं तं परवाच नवं घातलं. तिन्हीत."

नानाजींना भरून आलं. न सांगता, आधीच, तिन्ही फ्यूजांत नवं घालून ठेवणारा माणूस! याला बापूजी काढायला निघाले होते! पंपघरातला दिवा तर लख्ख पेटलेला होता, म्हणजे लाईटही होती. मग दुखणं मोटारीच्या पोटातच कुठं तरी असणार, असं नानाजींनी ठरवलं आणि तिथून खरा घोळ सुरू झाला.

सात वाजता चक्कीवाला देवीलाल आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण गावात इंजिन बाळगणारा तो एकटा, त्यामुळे कुठलंही यंत्र बंद पडलं की आपल्याला सुतक असल्यासारखा तो हजर होई. त्यानं मोटारीला तीन प्रदक्षिणा घातल्या, कान लावला, दोन टिचक्या मारल्या.

"थंडी पडली," तो म्हणाला. "माह्या इंजिनाचंबी असंच हाय. डोकं तापवल्याबिगर उठत नाही."

"पण हे विजेचं आहे देवीलाल. याला डोकं नसतं."

"डोकं नाही असं कसं होईल गुरुजी? एवढं पानी उपसते ते काय बिनडोक्यानं?"

नानाजी, बी.ए., बी.टी., यांनी त्याला वीज म्हणजे काय ते पहिल्यापासून समजावायला घेतलं. तेवढ्यात देवीलालनं मोटारीचं मागचं झाकण उघडलं, आत फुंकर मारली, दोन थेंब रॉकेल सोडलं आणि झाकण परत लावलं. लावून झाल्यावर त्याच्या तळहातावर एक स्क्रू उरला.

"हा कुठला?" नानाजींनी घाबरून विचारलं.

"हा जास्तीचा होता," देवीलालनं सांगितलं. "कंपनीवाले टाकत असतात." आणि स्क्रू खिशात घातला.

बटण दाबलं. ढिम्म.

डोकं तापवण्याची गोष्ट मात्र कुंपणापलीकडे गेली. शेजारच्या इंदुताईंनी ती ऐकली. नेरातल्या अर्ध्याअधिक बाळंतपणांना इंदुताई हजर असत, त्यामुळे शेक हा विषय निघाला की त्यांना घरात बसवत नसे. त्या धगधगती शेगडी घेऊनच आल्या.

"कवाचा पाऊस होऊन राह्यला, ओल धरली असन बिचारीनं. सरका बाप्पा मंग! माणसाईचं काम नाही हे."

त्यांनी शेगडीवर मूठभर ओवा टाकला. पंपघरात असा धूर झाला की देवीलाल खोकत बाहेर पडला आणि त्याच्यामागून नानाजी. इंदुताई आत बसून एका फडक्यानं मोटारीला दोन्ही अंगांनी शेक देत होत्या, आणि मधूनच "आता बरं वाटते काय?" असं विचारत होत्या की काय, असा नानाजींना भास झाला. पाऊण तासानं धूर ओसरला. मोटार गरम झाली होती, तिला ओव्याचा वास येत होता, आणि ती जागची हलत नव्हती.

मग बाहेर जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं की पाइपात अडकलं असेल काही. हे म्हणणाऱ्याचं नाव नानाजींना पुढे कधीच कळलं नाही, नाही तर त्यांनी त्याचं काही तरी केलं असतं. ते उद्घाटनासाठी इस्त्री केलेला कोट घालूनच सकाळी आले होते, तालीम म्हणून. तशाच कोटानिशी शिडीवरून कोरड्या हौदात उतरले, गुडघे टेकले आणि पाइपाच्या तोंडाला डोळा लावला. आतून त्यांच्याकडे दुसरा एक डोळा पाहत होता. पुढच्या क्षणी एक वाटीएवढा बेडूक त्यांच्या तोंडावरून, टोपीवरून, कॉलरमधून थेट कोटाच्या आत गेला. हौदाच्या काठावर तोवर सातवी ब गोळा झाली होती. हेडमास्तरांनी आठ फूट खोल कोरड्या हौदात हात पुढे आणि पाय मागे मारत जे काही केलं, त्याला पोरांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. बिचाऱ्यांना वाटलं पोहण्याचं प्रात्यक्षिक चालू आहे.

दहाला बापूजी आले. पांढरं धोतर, हातात काठी, आणि चेहऱ्यावर दुःख. पण त्या दुःखामागे साळभावाचा मुलगा उभा होता हे नानाजींना स्पष्ट दिसलं.

"म्या तवाच सांगतलं होतं नानाजी. बैल हाकलनं येगळं आन मोटार हाकलनं येगळं. मानूस चांगला हाय हो, नाही कोन म्हनते? पन मोटारीले चांगुलपनाचं काय!" मग काठीनं वाळूत एक रेघ मारून म्हणाले, "चार वाजेपर्यंत पाहू. तवापर्यंत सुरू नाही झाली, तं म्या यवतमाळले तार करतो, साहेब येऊ नका म्हनून. आन वहीत काय लिव्हलं हाय ते तुमाले मालूम हाय."

नानाजी एरवी शुद्ध बोलत. हेडमास्तरानं बोलावं तसं. पण जीव कासावीस झाला की त्यांच्या तोंडून आईची भाषा यायची. "मालूम हाय ना मले!" ते ओरडले. "सारं मालूम हाय!" आणि सायकल काढून ते वीज कचेरीत गेले.

लाइनमन सासुरवाडीला पोळ्याचा पाहुणचार घ्यायला गेला होता. कचेरीत एकटा कारकून होता. त्यानं तक्रारीचा छापील नमुना काढला, नानाजींच्या अर्जाची फाइल काढली, चष्मा लावला आणि सावकाश वाचू लागला.

"अर्जात लिहिलं आहे, वीजपुरवठ्याचा हेतू: ओलीत." त्यानं मान वर केली. "आणि तक्रार तुम्ही करता हौदाची. हौदात काय पेरलं गुरुजी?"

"विद्यार्थी," नानाजी त्रासून म्हणाले.

"खरीप की रब्बी?"

नानाजींनी टेबलावर ठेवलेली टोपी डोक्यावर घातली. त्या टोपीत अजून थोडा बेडकाचा वास होता.

"रागावू नका," कारकून म्हणाला. "ओलितावर पोहण्याची तक्रार मला घेता येत नाही. हेतू बदलायचा अर्ज करा, तो यवतमाळला जाईल, तिथून आला की तक्रार नोंदवू. दिवाळीच्या आत होऊन जाईल."

नानाजी परत आले तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. सायकलच्या पुढच्या चाकातली हवा वाटेतच गेली, ते सांगत बसत नाही. पंपघराच्या बाहेर लिंबाखाली बापूजी खुर्ची टाकून बसले होते. देवीलाल त्यांना समजावत होता की तो जास्तीचा स्क्रू बहुतेक जास्तीचा नव्हता. इंदुताई दुसरी शेगडी पेटवत होत्या. नानाजी कोणाकडे न पाहता पंपघराकडे चालू लागले. हिरासिंगला काय सांगायचं, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात होता. साठीला टेकलेल्या माणसाला कसं सांगावं की भाऊ, माझ्या शब्दाला किंमत राहिली नाही, तुम्ही आता तांड्यावर जा?

दारातच ते थबकले. हिरासिंग मोटारीसमोर मांडी घालून बसला होता आणि तिच्या पाठीवर हात फिरवत तिच्याशी बोलत होता.

"काहून रुसली वं बाई? परवा सांजच्याले तुले आवतन देल्लं. खांद्याले लोनी-हयद चोयली. काल दिवसभर तुह्या मानीवर जू नाही ठेवलं. पुरनपोयी आनून तुह्यापुढं ठेवली. नवी वेसन घातली, रुपीनं हातानं वयून देल्ली. कायात कमी पडलो म्या? सांग ना."

नानाजींच्या अंगावर सरसरून काटा आला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोण्या-हळदीनं चोळायचे, उद्या जेवायला या म्हणून त्यांना आमंत्रण द्यायचं, पोळ्याला त्यांच्याकडून काम घ्यायचं नाही आणि त्यांची जुनी वेसण काढून नवी घालायची, हे नेरातलं शेंबडं पोरही सांगेल. हिरासिंगनं ते जन्मभर केलं होतं. त्याच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातलेला. आणि आता बैलांच्या जागी ही होती. पोळ्याला मोटारीला सुटी पाहिजे, असं त्यानं सांगितलं तेव्हा नानाजींनीही कौतुकानं हो म्हटलं होतं. पण वेसण?

"हिरासिंगभाऊ," नानाजींनी दार आतून लावून घेतलं. "कोणती वेसण?"

हिरासिंग अभिमानानं उठला. त्यानं लाल मूठ खाली पाडली, भिंतीवरच्या चिनी मातीच्या तीन पांढरे फ्यूज एकेक करून ओढले आणि नानाजींच्या ओंजळीत ठेवले. तिन्ही फ्यूजांच्या आत, जिथे तांब्याची बारीक तार असायची तिथे, लाल-हिरव्या सुताची घट्ट वळलेली सुबक दोरी ओवलेली होती. दोन्ही टोकांना पक्की गाठ. एकीला तर इवलासा गोंडासुद्धा होता.

नानाजी खालीच बसले.

"त्या फिटरनंच सांगतलं होतं गुरुजी," हिरासिंग सांगू लागला. "म्हने, हे पतली तार हाय ना आतमधी, हिच्यानंच मोटार काबूत राह्यते. हे नसली तं उधळन. म्हटलं, म्हंजे वेसनच झाली ना! तं ते पार काळी पडली होती, मयली. सनासुदीले जनावराच्या नाकात असली वेसन कोन ठेवते?"

नानाजींच्या तोंडापर्यंत बरंच काही आलं. रॉकेल आलं, ओवा आला, बेडूक आला, खरीप की रब्बी तेही आलं. पण त्यांचं लक्ष हातातल्या गोंड्याकडे गेलं. हिरासिंगच्या बायकोची, रुपीबाईची, नजर आता अधू झाली होती. तिनं हा एवढासा गोंडा कसा केला असेल, किती वेळ लावला असेल! नानाजींना हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळे भरले, आणि दोन्हींतलं आधी काय पुसावं ते त्यांना कळेना.

हिरासिंगचा चेहरा पडला. "गुरुजी, म्या चुकलो काय?"

"नाही भाऊ," नानाजी म्हणाले. "बैल असता तर अगदी बरोबर होतं. पण ही जरा निराळी जात आहे. हिच्यातून वीज जाते, आणि वीज सुतातून जात नाही. तुमची जुनी तार कुठं आहे? फेकली तर नाही ना?"

"वेसन फेकत नसतात गुरुजी," हिरासिंग जरा दुखावून म्हणाला. "खुंटीले हाय."

खरंच होती. जुन्या मोटेच्या वाळलेल्या कातड्याशेजारी, खुंटीला, तिन्ही तारा नीट गुंडाळून टांगलेल्या होत्या. नानाजींनी त्या खुंटीला हात जोडले. मग खिशातल्या चाकूच्या टोकानं दोघांनी मिळून सुतं काढली, तारा बसवल्या, फ्यूज जागेवर घातले. बाहेरून बापूजींची काठी दारावर वाजली. "नानाजी, पावणेचार झाले!"

"लाल मूठ वर करा," नानाजी कुजबुजले. "आणि बटण तुम्हीच दाबा."

हिरासिंगनं एक डोळा मिटून हिरवं बटण दाबलं.

घूं!

तो आवाज! नानाजींनी पुढे मोठमोठ्या गवयांची गाणी ऐकली, पण असं गाणं त्यांनी परत ऐकलं नाही. बाहेर सातवी ब-नं एकच आरोळी ठोकली. पाइपातून आधी हवा, मग गढूळ पाणी आणि मग स्वच्छ धार हौदात कोसळायला लागली. नानाजींनी तिन्ही सुतं कोटाच्या खिशात कोंबली, डोळे पुसले आणि दार उघडलं.

"काय झालतं?" बापूजींनी विचारलं.

नानाजी आता पुन्हा शुद्ध झाले होते. "अंतर्गत जोडणीत विसंगती होती," ते गंभीरपणे म्हणाले. "हिरासिंगभाऊंनी दाखवून दिली." यात खोटं एक अक्षरही नव्हतं, हे कृपया लक्षात घ्यावं.

"विसंगती! म्या सकाळीच म्हटलं होतं," देवीलाल म्हणाला. "रॉकेल मुरायले वेळ लागते."

"शेक उशिरानंच लागत असते," इंदुताई म्हणाल्या आणि त्यांनी समाधानानं शेगडी उचलली. बापूजींनी घड्याळात पाहिलं, चारला दहा मिनिटं कमी होती.

पण दुर्दैव एवढ्यावर थांबत नसतं. रात्री चार तास लाईट गेली. सकाळी नऊ वाजता नानाजी हौदाच्या काठावर उभे राहिले तेव्हा आठ फुटांच्या हौदात जेमतेम चार फूट पाणी होतं. वर निळ्या अक्षरांत "८ फूट" आणि त्याच्या बरंच खाली पाणी. नानाजींना लाजेनं मेल्यासारखं झालं. साहेबांच्या जीपचा हॉर्न ऐकू आला तेव्हा ते वीज कचेरीला मनातल्या मनात जे बोलत होते ते हेडमास्तरांना शोभणारं नव्हतं.

साहेब आले, हार झाले, भाषण झालं. साहेबांनी फीत कापली. आणि मग बापूजी उठले. त्यांच्या मनात काय होतं ते देव जाणे, कदाचित चांगलंच असेल. ते म्हणाले, "साहेब, आमच्या पोराइले पोहनं शिकोलं कोनं? तं नानाजीनं. तवा पहिली उडी आमच्या हेडमास्तरांची!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबही टाळ्या वाजवू लागले. बायकांच्या बाजूला मैनाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. नानाजी नको नको म्हणत होते तो नम्रपणा आहे असं सगळ्यांना वाटलं आणि टाळ्या आणखी वाढल्या. कोणीतरी कोट काढून घेतला, कोणीतरी टोपी. नानाजींनी एकदा मैनाबाईंकडे पाहिलं, डोळे मिटले, रामरक्षेची पहिली ओळ म्हटली, दुसरी आठवेना, आणि ते उभ्याउभ्याच हौदात पडले.

पाणी नाकातोंडात गेलं. सगळं संपलं, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात पायांना सिमेंट लागलं. नानाजी उभे राहिले. पाणी छातीपर्यंत होतं!

ते उभे होते, जिवंत होते, आणि लोक टाळ्या वाजवत होते. त्या क्षणी नानाजींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मोटार काल सकाळी सहाला सुरू झाली असती तर रात्री लाईट जाऊनही आत्ता इथे सात फूट पाणी असतं, आणि नानाजी निस्ताने, बी.ए., बी.टी., यांची शोकसभा याच मांडवात, याच हारांवर उरकली असती. त्यांनी ओल्या डोळ्यांनी पंपघराकडे पाहिलं. दारात हिरासिंग हात जोडून उभा होता. नानाजींनी हौदातून त्याला उलट नमस्कार केला. लोकांना वाटलं, हीही पोहण्याचीच एक तऱ्हा असेल.

जाताना साहेबांनी पंपघर पाहिलं. "मोटारीची देखभाल कशी ठेवता?" त्यांनी हिरासिंगला विचारलं.

"सालातून एकडाव खांदे चोयून देतो साहेब. लोन्यानं."

साहेबांनी वहीत लिहून घेतलं: "वार्षिक वंगण नियमित. मोटार-चालक दक्ष." मग ती वही बापूजींच्या पुढे केली आणि म्हणाले, असा माणूस सोडू नका. बापूजींनी त्याच दिवशी सभेच्या वहीत हिरासिंगला कायम केल्याची सही केली. सही करताना निब जरा जास्तच टोचला, पण केली.

संध्याकाळी मैनाबाई कोट झटकत होत्या, तेव्हा खिशातून गोंड्याचं सूत खाली पडलं. "हे काय वं बाई?" त्या म्हणाल्या. नानाजींनी त्यांना सगळं सांगितलं, पहिल्या बटणापासून. मैनाबाई हसल्या, मग एकदम रडायला लागल्या, मग उठल्या आणि ते सूत देवघरातल्या खिळ्याला अडकवून आल्या. "तुमाले काई झालं असतं तं..." एवढंच म्हणाल्या. नानाजींनी त्या रात्री चार पोळ्या जास्त खाल्ल्या.

पुढच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी शाळेच्या सूचनाफलकावर एक ओळ होती: "पोळ्यानिमित्त मोटारीस एक दिवसाची सुटी." खाली नानाजींची सही. संध्याकाळी ते मैनाबाईंनी दिलेली लोण्याची वाटी घेऊन पंपघरात गेले. रुपीबाईनं नवी वेसण वळून पाठवलीच होती, यंदा दोन गोंड्यांची. हिरासिंगनं ती पुढे केली आणि भिंतीवरच्या पांढऱ्या फ्यूजांकडे पाहत हळूच विचारलं, "आतमधी नाही ना गुरुजी?"

"आत नाही भाऊ. हिच्या मुठीला बांधू."

लाल मूठ खाली पाडलेली होती. नानाजींनी स्वतःच्या हातानं तिला वेसण बांधली आणि पक्की गाठ मारली. मग दाराबाहेर डोकावून कोणी नाही हे नीट पाहून घेतलं, मोटारीच्या खांद्याला लोणी लावलं, आणि आईच्या भाषेत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "आज आवतन घे वं बाई, उद्या जेवाले ये. आन करीच्या दिवशी तुह्या सवडीनं ऊठ, काही घाई नाही."